आत्याचा गिझर, दोन एलिमेंट आणि हौदातलं शिळं पाणी

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली त्या आठवड्यात आत्याचा फोन आला. गिझर परत गेला म्हणाली. परत म्हणजे चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा. २०२३ च्या दिवाळीत नवा पंचवीस लिटरचा घेतलेला, पहिलं एलिमेंट, म्हणजे आतली पाणी तापवणारी नळी, नऊ महिने टिकलं आणि दुसरं पाचच महिने. मागून मामांचा आवाज, "काय बे, कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमधी असतोस आणि आमच्या घरचं पाणी काय हाय ते तुला ठावं नाही." टोमणा बरोबर होता, सात वर्षं लॅब असिस्टंट म्हणून बाटल्या धुतोय, पण आत्याच्या घरच्या पाण्याकडं कधी बघितलं नव्हतं.

घर जुळे सोलापुरात, रो हाऊस, माणसं चार. आत्या, मामा, दादा आणि वहिनी. पाणी दोन प्रकारचं. एक महापालिकेचं, चार दिवसाआड येतं, आलं की तळातल्या दोन हजार लिटरच्या हौदात जातं. दुसरं स्वतःचं बोअर. वर गच्चीत हजार लिटरची एकच टाकी, दोन्ही पाणी त्याच टाकीत चढतं आणि तिथून सगळ्या घरात. सोलापुरात निम्म्या घरांत अशीच व्यवस्था असेल, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

तक्रारी विचारल्या तर गिझर ही फक्त शेवटची निघाली. वहिनी म्हणाली तुरीची डाळ पाच शिट्ट्या देऊनही अंगठ्याखाली दाणा लागतो. दादाचे पांढरे शर्ट वर्षात राखाडी होतात आणि टॉवेल वाळला की पापडासारखा. तोटीच्या जाळीतून पाणी तीन दिशांना उडतंय. आत्याचं म्हणणं, साबण लावला तरी अंग निसटतं होत नाही, बादलीच्या कडेला मळाची पांढरी रेघ बसते. ती मळाची रेघ म्हणजे अंगाचा मळ नव्हे हे तिला सांगितलं तर तिला बरं वाटलं. साबणाचा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चोथा तयार होतो, तो तिथं चिकटतो, म्हणजे साबणाचा बराचसा भाग फेस व्हायच्या आधीच वाया जातो. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणायचे. आपल्याकडं सरळ जड पाणी म्हणतात, किंवा नुसतं 'बोरचं पाणी', त्यात सगळं आलं.

आणि गिझर लावला की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज. हा आवाज महत्त्वाचा. क्षाराच्या थराखाली अडकलेलं पाणी एलिमेंटला चिकटून उकळतं, वाफ होते, ती थर फोडून बाहेर पडते, म्हणून तडतड. आवाज यायला लागला तेव्हाच खोलून बघितलं असतं तर दुसरं एलिमेंट वाचलं असतं, पण सगळ्यांना वाटलं गिझर म्हातारा झाला. नऊ महिन्यांचा!

पाणी किती जड ते मोजायला रविवारी सरांना विचारून ब्युरेट म्हणजे खुणांची काचनळी, ईडीटीए हे कॅल्शियम धरणारं रसायन, बफरची बाटली आणि रंग दाखवणारा इंडिकेटर घेऊन मी स्कूटरवर आत्याकडं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्टँड उभा केला, आत्यानं आधी तिथलं शेंगाचटणीचं भांडं उचललं, ते बरं केलं, कारण त्या बफरमधी अमोनिया असतो. ज्यांनी कॉलेजात हे केलंय त्यांना आठवेल, पन्नास मिली पाणी घ्यायचं, बफर टाकायचा, इंडिकेटरचा थेंब टाकला की कोकम सरबतासारखा लाल रंग येतो, मग ईडीटीए थेंब थेंब सोडत जायचं, सगळं कॅल्शियम मॅग्नेशियम त्यानं धरलं की लालचा निळा होतो. ईडीटीएची तीव्रता शून्य पॉइंट शून्य एक मोलर असेल तर जितके मिली लागले त्याला वीसनं गुणा, तो हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मिलिग्रॅम प्रति लिटर.

मामा आधी सोफ्यावरनंच बघत होते. मामांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात डाईंगला, म्हणजे रंगाईला काढलीत, हे मी विसरलो होतो. पहिला नमुना निळा झाला म्हणून मी कॉक बंद करणार तर ते उठून आले, पेला हातात घेऊन खिडकीकडं धरला आणि म्हणाले, "थांब. अजून जांभळं हाय त्यात." एक थेंब टाकला, अजून एक टाकला, मग शुद्ध निळा. पुढचे सगळे नमुने मी नळी धरली आणि शेवटचा थेंब मामांनी सांगितला. लॅबमधल्या पोरांना हे कधी जमत नाही.

बोअर सदतीस मिली, म्हणजे ७४०. नळाचं साडेनऊ, म्हणजे १९०. भारतीय मानक आयएस १०५०० मधी एकूण हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. म्हणजे नळाचं पाणी काठावर पास आणि बोअर सवलत देऊनही नापास. यात नवल नाही. महापालिकेचं पाणी उजनीतून, टाकळीच्या भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून येतं, म्हणजे बहुतेक पावसाचं, उघड्यावर साठलेलं. बोअरचं पाणी काळ्या मातीतून, खालच्या चुनखडीतून आणि बेसाल्टच्या भेगांतून महिनोन् महिने मुरत आलेलं, ते वाटेत जे भेटेल ते विरघळवत येतं. शेताच्या कडेला खणलं की पांढरे खडे निघतात बघा, तोच माल.

मग तिसरा नमुना, गच्चीच्या टाकीतला. मामा म्हणाले तो कशाला, आम्ही नळाचंच वापरतो, बोअर आपलं अडीनडीला. लागले सव्वीस मिली. ५२०.

हिशोब सोपा आहे, ७४० आणि १९० मिसळून ५२० व्हायला किती किती लागेल? साठ टक्के बोअर. अडीनडीला! मामा गप्प. मला वाटलं माझंच कुठं चुकलं, परत केलं, परत सव्वीस.

माझ्या मते या प्रकरणातली खरी गोष्ट गिझरमधी नाही, हितं आहे. मी गच्चीत गेलो, खाली आलो, हौदाचं झाकण उघडून बघितलं. बोअरच्या मोटारीला फ्लोट स्विच लावलेला, टाकी जरा खाली गेली की मोटार आपोआप सुरू. हौदाच्या मोटारीला मात्र साधं बटण, कुणी आठवणीनं दाबलं तर पाणी वर जाणार. आता चार माणसांच्या घरात आठवणीनं बटण कोण दाबतंय? टाकी रिकामी व्हायचीच नाही, बोअर ती भरूनच ठेवायचं. नळाचं पाणी हौदात तसंच. आणि आत्या ते जपायची, "नळाचं पाणी असं उधळायचं नसतंय रे, प्यायला लागतंय, आरओला लागतंय." चार दिवस जपायची. पाचव्या दिवशी नळ यायच्या आधी हौदात हजार-बाराशे लिटर शिल्लक, आणि ते काय? शिळं! ताजं पाणी येणार म्हटल्यावर शिळं काढलं पाहिजे. मग त्या पाण्यानं अंगण धुवायचं, पायऱ्या धुवायच्या, दादाची गाडी धुवायची, झाडांना सोडायचं.

म्हणजे उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर पाइपातून आलेलं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी अंगणाला, आणि सगळ्यात वाईट पाणी गिझरला, कुकरला आणि मशीनला. आत्याला हसू नका, आमच्या घरीपण आई हेच करते. टंचाईत वाढलेल्या माणसांचं पाणी जपणं असंच असतं, जपून जपून शेवटी पायरीवर ओतायचं.

अजून एक चाचणी केली कारण गिझरचं गणित त्याशिवाय लागत नाही. बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळलं, थंड केलं, गाळलं, परत मोजलं तर ४२०. म्हणजे ७४० पैकी ३२० नुसतं उकळल्यानं पातेल्यात बसलं. याला तात्पुरती कठीणता म्हणतात, कॅल्शियमचं बायकार्बोनेट तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत चुनखडीच, जागेवर बसते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलट, पाणी जितकं गरम तितकं हे कमी विरघळतं, म्हणून जिथं सगळ्यात गरम तिथं, एलिमेंटवरच, आधी बसतं. नळाचं उकळलं तर १९० चं १०० झालं. या दोन्हींवरनं टाकीच्या मिश्रणात गरम केल्यावर बसू शकणारं साधारण २३० निघतं. आत्याकडं रोज ऐंशी लिटर पाणी गिझरमधनं जातं, म्हणजे रोज अठरा ग्रॅम बसू शकेल असा माल आत शिरतो. सगळा काही बसत नाही, चौथाई धरला तरी साडेचार ग्रॅम, चौदा महिन्यांत पावणेदोन-दोन किलो.

मग गिझर खोलला. मेन स्विच बंद, पाणी सोडलं, एलिमेंट धरून ठेवणाऱ्या फ्लँजचे नट काढले, एलिमेंट बाहेर येईना. आतल्या गाळात रुतलेलं. हलवून हलवून काढलं तर शेंगदाण्याच्या चिक्कीसारखं दिसायला लागलं, पांढरट पिवळ्या खपल्या, बोटाएवढ्या जाड, आणि मधी धातू कुठं दिसेना. नळीला एका जागी चीर गेलेली. तळातनं हातानं, पळीनं, शेवटी वहिनीच्या जुन्या झाऱ्यानं ओले खडे काढत बसलो. दोन दिवस गच्चीत वाळवून तराजूवर टाकले, एक किलो साडेतीनशे ग्रॅम. माझा हिशोब जरा जास्त निघाला पण घरचा हिशोब म्हणून वाईट नाही.

पहिल्या वेळी आलेल्या मेकॅनिकनं एलिमेंट बदललं, आतला गाळ तसाच ठेवला. म्हणून दुसरं पाचच महिन्यांत गेलं, त्याला पहिल्या दिवसापासून गाळात बसवलं होतं. मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडपण असतो आत, टाकीचा पत्रा गंजायच्या ऐवजी आपण झिजायचं हे त्याचं काम, तो काढला तर काडीएवढी तार राहिलेली. तीनेकशे रुपयांची वस्तू, कुणी बघत नाही. टाकी सुदैवानं शाबूत होती. थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवलेला, पंच्याहत्तरवर.

त्याच मेकॅनिकनं तेव्हा तोट्या साफ करायला संडासचं अॅसिड वापरलं होतं. तोट्यांचं क्रोम गेलं ते गेलंच, पण मोरीत शहाबादी फरशी आहे, ती जाळीभोवती खडबडीत झाली, आत्याला वाटलं फरशीच खराब लागली. शहाबादी म्हणजे चुनखडकच की ओ. जे अॅसिड क्षार खातं ते फरशी पण खाणार, दोघांचा माल एकच. आणि हे अॅसिड चुकून ब्लीचिंगमधी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत जीवावर बेतू शकतं, तेवढं तरी लक्षात ठेवा.

आम्ही लिंबूसत वापरलं, सायट्रिक अॅसिड, वजनावर मिळतं. पण त्याचाही हिशोब आहे, एक किलो चुनखडी विरघळवायला सव्वा किलोच्या वर लिंबूसत लागतं, म्हणून जाड थर आधी हातानं फोडायचा आणि लिंबूसत फक्त शेवटच्या पातळ थराला. कोमट पाण्यात लिटरला पन्नास ग्रॅम, टाकीत तासभर, बुडबुडे थांबले की सोडून द्यायचं, तीन वेळा खळखळून धुवायचं. तोटीच्या जाळ्या वाटीत टाकून ठेवल्या, चहा होईस्तोवर मोकळ्या. नवीन एलिमेंट, नवीन अॅनोड, थर्मोस्टॅट साठच्या जरा खाली.

आता पुढं काय यावर घरात दोन तट. मामांना सॉफ्टनर पाहिजे, डाईंगला त्यांच्याकडं होता, जड पाण्यात रंग सारखा बसत नाही म्हणून लागतोच, मीठ टाकायचं काम सुरुवातीला मामांकडंच होतं. सॉफ्टनर खोटा नाही, त्यातली रेझिन कॅल्शियम धरते आणि सोडियम सोडते, भरली की मिठाच्या पाण्यानं धुवायची. पण हिशोब मांडला. घराला रोज सातशे लिटर, ५२० नं गुणलं की रोज साडेतीनशे ग्रॅमच्या वर हार्डनेस काढायचा. वीस लिटर रेझिन हजारेक ग्रॅम धरते, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी धुणं, प्रत्येक वेळी अडीच-तीन किलो मीठ, महिन्याला तीसेक किलो. आणि ते खारं पाणी सोडायचं कुठं? आत्याच्या जास्वंदीत? मामा म्हणाले कारखान्यात गटार होतं.

दादाला चुंबकाचं यंत्र पाहिजे होतं, पाइपला बाहेरनं क्लिप लावायची, साडेआठ हजार. विकणारा घरी येऊन टीडीएस मीटर दाखवून गेलेला, शिवाय दोन सळया पाण्यात बुडवून करंट दिला आणि पाणी तपकिरी झालं, बघा काय पिताय म्हणाला. तो तपकिरी रंग त्याच्या लोखंडी सळईचा गंज असतो, पाण्यातली घाण नव्हे. टीडीएस मीटरपण पाण्यातनं वीज किती जाते तेवढंच मोजतं, त्याला मीठ काय आणि चुना काय सारखंच, सॉफ्टनरमधनं आलेलं मऊ पाणीसुद्धा तिथं जवळजवळ तोच आकडा दाखवतं. हार्डनेस मोजायचा तर थेंबांचं किट मिळतं, ते घ्या. दादानं शेजाऱ्याकडनं ती क्लिप आठवडाभर मागून आणली, मी आधी-नंतर ब्युरेट लावून मोजलं, सव्वीस मिली आणि सव्वीस मिली. क्लिप परत गेली.

माझं म्हणणं इतकंच होतं की चांगलं पाणी घरात आधीच येतंय, ते पायरीवर ओतायचं थांबवा. पाणी वेगळं करा. मोजलं, गिझर ऐंशी लिटर, अंघोळीचं थंड साठ, स्वयंपाक-भांडी साठ, मशीन सरासरी साठ, रोज दोनशे साठ. पाच दिवसांचं तेराशे. हौद दोन हजारांचा. एखादा दिवस पाणी लांबलं तरी पुरतं. बाकी संडास, फरशी, अंगण, गाडी सगळं बोअरवर.

आत्या ऐकेना. आकड्यांनी तिला फरक पडला नाही, "इतकी वर्षं काय झालं का कुणाला?" खरं सांगायचं तर जड पाणी प्यायल्यानं आजार होतो असा ठोस पुरावा नाहीच, त्यामुळं ती भीती मी दाखवली नाही. वहिनीनं डोकं लढवलं. एका कुकरमधी दोन डबे, दोन्हीत एकाच पिशवीतली वाटीवाटी तूरडाळ, एकात बोअर, एकात नळ, चार शिट्ट्या. उघडल्यावर नळाच्या डब्यात पळी फिरवली की वरण, बोअरच्या डब्यात डाळ दाण्यादाण्यानं उभी, वर पिवळं पाणी. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं पेक्टिन असतं, कॅल्शियम ते अजून घट्ट बांधतं, म्हणून शिजत नाही. आत्यानं दोन्ही डब्यात बोट घातलं, दाणा दाबला, आणि विचारलं, "प्लंबर कधी येतोय?"

गच्चीत पाचशे लिटरची दुसरी टाकी, तिला हौदाच्या मोटारीचा फ्लोट स्विच, तिथनं नवीन सीपीव्हीसी पाइपाची लाइन गिझरला, मोरीच्या थंड तोटीला, किचनला आणि मशीनला. जुनी टाकी बोअरची. दोन दिवस काम, सगळं मिळून साडेअकरा हजार. आत्याच्या 'शिळ्या'साठी हौद महिन्यातनं एकदा रिकामा करून घासायचा ठरलं.

मार्चमधी परत तडतड. हलकी, पण आली. मी थेट पाणी मोजलं, सतरा मिली, ३४०! नळाच्या लाइनमधी पाव हिस्सा बोअर कुठनं आलं? वर जाऊन बघितलं तर प्लंबरनं न सांगता दोन्ही टाक्यांच्या मधी एक जोड टाकलेला, कॉकसकट. "उद्या नळ आलाच नाही तर उघडता येईल" हा त्याचा विचार, चांगलाच होता बिचाऱ्याचा. एकदा पाणी लांबलं तेव्हा दादानं तो उघडला आणि बंद करायचा राहिला. आता कॉक बंद करून त्याचं हँडल काढून मामांच्या कपाटात ठेवलंय, पाहिजे तर मागून घ्यायचं. माझ्याकडनंही चूक झाली, काम झाल्यावर मी एकदाही मोजलं नव्हतं.

सप्टेंबरमधी, आठ महिन्यांनी, गिझर परत खोलला. एलिमेंटवर नखानं खरवडेल असा भुरका थर, धातू स्पष्ट दिसतोय, तळात मूठभर भुगा. १९० म्हणजे शून्य नाही, हा थर बसणारच, वर्षातनं एकदा खोलावं लागणार. डाळ तीन शिट्ट्यांत होते. शर्ट जे राखाडी झालेत ते तसेच आहेत, नवीन बरे आहेत.

अंगण आत्या रोज धुते, बोअरनं. पण त्या पाण्याचे शिंतोडे तुळशीच्या पानावर वाळले की पांढरे ठिपके राहतात, ते तिला बघवत नाहीत, म्हणून सकाळी किचनच्या तोटीचे दोन तांबे तुळशीला जातात. तेवढे मी हिशोबात धरले नव्हते.